मदत हवी आहे: डिप्रेशनसाठी व्हीएनएस (मानेतल्या नसेला करंट देणारं मशीन), कुणाला अनुभव आहे का?

उद्यमनगरचा_धाकटा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

विषय माझ्या थोरल्या भावाचा. वय ४६, कोल्हापुरात उद्यमनगरला पॅटर्नमेकर, म्हणजे फौंड्रीत ओतकामाला जो लाकडी नमुना लागतो तो करणारा. बीड थंड होताना आकसतं म्हणून नमुना त्या हिशोबानं थोडा मोठा धरायला लागतो, तर दादा नुसत्या नजरेनं सांगायचा की इथं अर्धा मिलिमीटर कमी पडतोय, आणि मोजलं की तेवढाच निघायचा. आता तोच माणूस सकाळी चहाचा कप समोर घेऊन बसतो, चहावर साय धरते, वहिनी उचलून परत गरम करून आणते, परत साय धरते. हे असं दोन वर्षं चाललंय. त्याआधी चार वर्षं वर-खाली होतं, बरा व्हायचा, कामावर जायचा, परत पडायचा.

औषधं झाली ती सांगतो. एस्सिटॅलोप्राम, मग व्हेन्लाफॅक्सिन, मग त्याला जोडून मिर्टाझापिन, आता लिथियम चालू आहे त्याला रक्त तपासत राहायला लागतं. डॉक्टर म्हणाले याला ट्रीटमेंट रेझिस्टंट म्हणतात, दोन औषधं पुरेशा डोसनं पुरेसे आठवडे घेऊन पण उतार नाही पडला की तसं धरतात. आता ते म्हणतात आरटीएमएस (डोक्यावर कॉइल धरून चुंबकानं मेंदूला चालना देतात ते) करा नाहीतर ईसीटी.

ईसीटी म्हणजे शॉक. हा शब्द घरात निघाला आणि आई जेवलीच नाही त्या दिवशी. तिच्या माहेरी कागलकडं कुणाला तरी फार पूर्वी शॉक दिलेले, तिनं लहानपणी ऐकलेलं, तेव्हापासून "शॉक लावला की माणूस येडं होतंय" हे डोक्यात पक्कं.

मग मी रात्री जागून शोधत बसलो आणि व्हीएनएस सापडलं. छातीत डावीकडं कातडीखाली पेसमेकरसारखी डबी बसवतात, तिथनं वायर मानेतल्या व्हेगस नसेला गुंडाळतात, डबी ठराविक वेळानं हलका करंट सोडते. अमेरिकेत २००५ पासून डिप्रेशनसाठी मान्यता आहे. मला वाटलं हेच पाहिजे, शॉक नाही, विसरणं नाही, एकदा बसवलं की झालं. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर "ते नंतर बघू" म्हणाले आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

कुणी बसवलंय का, उपयोग होतो का, विम्यात बसतं का, काय असेल ते सांगा. घर अगदी टेकीला आलंय.

मिरजेचा_वारा

आमच्या भाच्याला बसवलंय पण फिटसाठी, डिप्रेशनसाठी नाही. फिटसाठी याला जुनी मान्यता आहे, अमेरिकेत १९९७ ची. मशीन तेच त्यामुळे रोजचं कसं असतं ते सांगू शकतो.

त्याचं सेटिंग ३० सेकंद चालू, ५ मिनिटं बंद असं आहे, दिवसरात्र. चालू झालं की आवाज घोगरा होतो, कारण आवाजाच्या पेटीकडं जाणारी नस त्याच व्हेगसची फांदी. फोनवर बोलता बोलता एकदम खर्जात जातो, आम्ही हसतो, आली बघ गाडी म्हणून. सुरवातीला खोकला आणि घशात टोचल्यासारखं व्हायचं, ते कमी झालं. एक चुंबक देतात, छातीवर धरून ठेवलं की तेवढ्यापुरतं मशीन थांबतं, गॅदरिंगमधे गाणं होतं तेव्हा त्यानं तेच केलं. डावीकडंच बसवतात कारण उजव्या व्हेगसचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. हे बसवल्यावर फिजिओथेरपीतला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कायमचा बंद, वायर तापून नसेला इजा होऊ शकते. एमआरआयला पण अटी लागतात. तुमचे दादा दिवसभर वाकून काम करणारे, कंबर दुखत असेलच, म्हणून बोललो.

कडूकारलं

कडू बोलणार आहे, राग मानू नका. "एकदा बसवलं की झालं" हे डोक्यातनं काढा. याचा परिणाम दिसायला महिनोन् महिने जातात, कधी वर्ष. घर टेकीला आलेल्यांसाठीचा हा उपाय नव्हे.

मान्यता २००५ ची खरी, पण ती कुणासाठी? चार किंवा जास्त उपचार करून गुण नाही आला अशांसाठी, आणि चालू उपचाराच्या जोडीला, औषधं बंद करून नाही. शिवाय २००७ मधे तिकडच्याच सरकारी विम्यानं, मेडिकेअरनं, डिप्रेशनसाठी याचे पैसे द्यायचे बंद केले, पुरावा पुरेसा नाही म्हणून. २०१९ ला परत दार किलकिलं केलं ते पण अभ्यासात सामील होणाऱ्यांपुरतं.

बाजूनं पण सांगतो. २०१७ मधे ७९५ पेशंटचा पाच वर्षांचा अभ्यास आला, त्यात व्हीएनएसवाल्यांपैकी ६७.६ टक्क्यांना कधी ना कधी चांगला गुण आला आणि नुसत्या नेहमीच्या उपचारवाल्यांत ४०.९ टक्क्यांना. आकडा दांडगा आहे, पण कुणाला मशीन आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. नंतरच्या मोठ्या चाचणीत सगळ्यांनाच मशीन बसवून अर्ध्यांचं बंद ठेवलं, तर वर्षाच्या शेवटी मुख्य मापावर दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही, बंद मशीनवाले पण बरेच सुधारले.

आणि ते कानाला क्लिप लावून व्हेगस जागी करा वगैरे जाहिराती दिसतात ना ऑनलाइन, ते हे नव्हे. त्यात पैसे घालू नका.

निशिगंध

मी मानसोपचार विभागात काम करते. इथं कुणाचं निदान करणार नाही, पण काही प्रश्न विचारते, उत्तरं इथं नाही दिली तरी चालेल, डॉक्टरांना मात्र द्या.

पहिला, आणि आजच विचारा: त्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का? विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे, सरळ विचारायचं. दुसरा, थायरॉइड आणि बी १२ शेवटचं कधी तपासलं? लिथियमनं थायरॉइड मंदावू शकतं आणि मंद थायरॉइड हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसतं. तिसरा, मोठ्यांदा घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का? स्लीप ॲप्नियानं पण औषधं लागू पडल्यासारखी वाटत नाहीत, आणि व्हीएनएसनं तो उलट वाढू शकतो. चौथा, तुम्ही "वर-खाली" लिहिलंय. ते "वर" म्हणजे नक्की काय होतं?

आता शॉकबद्दल. तुमच्या आईंनी ऐकलं ते खोटं नसेल, पूर्वी भूल न देता देत. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. माणूस झोपेत असतो, मेंदूत फिट येते, अंगाला फारसा झटका बसत नाही. विसरणं होतं, नाही म्हणणार नाही, त्या आठवड्यांतलं आणि आसपासचं पुसट होतं, बहुतेक परत येतं, काही तुकडे येत नाहीत. पण गंभीर डिप्रेशनमधे इतक्या लवकर आणि इतका गुण देणारं दुसरं फार काही आमच्याकडं नाही.

विम्याचं: त्याच कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं आहे. कंपनीला तोंडी विचारू नका, ईमेल करा, उत्तर लेखी घ्या.

उद्यमनगरचा_धाकटा

निशिगंध ताई, तुमचा पहिला प्रश्न वाचून मोबाईल खाली ठेवला अर्धा तास. मग वरच्या खोलीत जाऊन विचारलं. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "झोपावं आणि उठूच नये असं वाटतंय कधी कधी. तू कशाला विचारतोस?" मी काही बोलू शकलो नाही, बसून राहिलो नुसता.

घोरणं म्हणाल तर पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल. थायरॉइड कधी केलं आठवत नाही, फायलीत शोधतो.

आणि ते "वर". आता लिहिताना मलाच कसंतरी होतंय. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तीन रात्री न झोपता वर्कशॉपमधे सागवानी देव्हारे केले त्यानं, सात. नक्षीसकट. लाकूड उधार आणलेलं. गल्लीत फुकट वाटून टाकले, दमला पण नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, शाहूपुरीत गाळा घेऊन एक्सपोर्ट करू म्हणत होता. आम्ही पेढे वाटले, दादा बरा झाला म्हणून. दीड महिन्यानं पडला तो पडलाच. डॉक्टरांना हे कधी सांगितलं नाही, कारण ते आजारात धरायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

निशिगंध

हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत तुम्ही, मशीनपेक्षा. हे बायपोलर (कधी अति उत्साह, कधी डिप्रेशन असा आजार) आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण असेल तर औषधांची सगळी मांडणीच बदलते, त्यात नुसती डिप्रेशनची औषधं चालत नाहीत. सात देव्हारे, तीन रात्री, उधारी, महिना, सगळं कागदावर लिहून न्या.

आणि "उठूच नये" हे आजच फोन करून कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. गोळ्यांचा डबा वहिनींकडं कुलपात, लिथियम तर नक्कीच, जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. रात्री त्यांना एकटं ठेवू नका. डॉक्टर लागलेच नाहीत फोनवर तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. जास्तच वाटलं तर सरळ सीपीआरच्या (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) अपघात विभागात न्या.

अनामिका_पुणे

माझ्या मिस्टरांचं आरटीएमएस झालंय. डोक्याच्या डाव्या बाजूला पुढं कॉइल धरतात, भूल नाही, माणूस जागा असतो, आपली गाडी आपण चालवत घरी. आधी अंगठा हलतोय का ते बघून जोर ठरवतात. आवाज सुतारपक्ष्यासारखा, टकटकटकटक आणि थांबा, कानात बोळे देतात. आठवड्यातनं पाच दिवस, सहा आठवडे. मधल्या आठवड्यात आम्ही दोघं वैतागलेलो, काहीच फरक नाही म्हणून, चौथ्या आठवड्यात ते आपणहून भाजी आणायला गेले. कोथिंबीर विसरले, पण गेले. पूर्ण बरे नाहीत हो अजून, पण माणसात आहेत. डोक्यात धातूचं काही असेल किंवा पूर्वी फिट आली असेल तर आधी सांगायचं. कोल्हापूरहून पुण्याला रोज येणं शक्य नाही, तेव्हा जवळ मिळतंय का बघा नाहीतर राहायची सोय आधी करा.

उद्यमनगरचा_धाकटा

अपडेट. त्याच दिवशी फोन केला, डॉक्टरांनी संध्याकाळी बोलावलं. कागद दिला. देव्हाऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वहिनींना परत पहिल्यापासून विचारलं, पाऊण तास. व्हेन्लाफॅक्सिन हळूहळू कमी करायचंय, लिथियम ठेवून दुसरं एक सुरू केलंय. थायरॉइडचं रक्त दिलंय. आठवड्यानं परत, आणि तोवर उतार नाही तर ईसीटी, ॲडमिट करून. आईला ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. "झोपवून देत्यात व्हय?" एवढंच म्हणाली, पण जेवली.

दादाला मी व्हीएनएसची आकृती दाखवली होती मोबाईलवर, सहज. त्यानं दोन बोटांनी मोठी करून बघितली. म्हणाला, "बॅटरी संपली की परत चिरणार काय? आणि वायर गुंडाळलीया ती मान वळवल्यावर वढत न्हाई काय?" बॅटरीला परत छोटं ऑपरेशन लागतं हे मी वाचलेलं, ते सांगितलं. वायरचं मिरजवाले तुम्ही भाच्याला विचारून सांगा, दादाला सांगायचंय.

आणि मिरज-सांगलीकडं झोपेची तपासणी, रात्रभर वायरी लावून करतात ती, कुठं होते आणि नंबर किती दिवसांनी लागतो तेवढं कुणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करा.