वळताना आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट? थांबा

बरेच जण सांगतात की गाडी वळताना कट-कट आवाज आला म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा) गेला, बदलून टाका. अर्धंच बरोबर. बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) पूर्ण स्टीअरिंग वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर वाजतो, कट-कट-कट, आणि वेगाबरोबर कट जलद होतात. सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटलेलं आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फवारे दिसले तर शंकाच नको.

पण गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग फिरवलं आणि 'टण्ण' असा एकच आवाज आला, तर शाफ्टचा संबंध नाही, कारण चाक फिरतच नाहीये. तिथे स्ट्रटच्या (पुढच्या चाकाचा स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा जोड) वरच्या माउंटमधलं, म्हणजे तो बॉडीला बसतो त्या बैठकीतलं बेअरिंग बघा. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, एकाने स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगला वरच्या बाजूने बोटं नुसती टेकवायची (वेटोळ्यांच्या मधे अजिबात घालू नका). बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग पीळ खाते आणि झटक्याने सुटते, हाताला स्पष्ट कळतं. पावसाळ्यात पाणी-चिखल जाऊन हे फार होतं, त्यात आपले पुण्याचे खड्डे. माउंट आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचं एकदमच बदला, नंतर अलाइनमेंट. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) नसेल तर घरी हात घालू नका.

कात्रज घाटात डावीकडे वळताना घूंऽऽ असा आवाज वाढत असेल तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग. वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो.