एंडपॉइंटचे पत्ते कोडमध्ये हाताने लिहायचे का?

दगडी_चावी
टीममध्ये दोन दिवस यावरून वाजतंय, म्हणून इथे टाकतो. लोड बॅलन्सरच्या (ट्रॅफिक मशीनांवर वाटणाऱ्याच्या) मागचे आयपी आणि पोर्ट, म्हणजे गूगल क्लाउडवरचा नेटवर्क एंडपॉइंट ग्रुप (आम्ही नुसतं 'नेग' म्हणतो), टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची रचना कोडमध्ये लिहायचं साधन) पत्त्यागणिक लिहावा, की फक्त ग्रुप लिहून आतले पत्ते कंट्रोलरवर (आपोआप जोड-काढ करणाऱ्या प्रोग्रामवर) सोडावेत? माझं मत: सगळे लिहावेत. ट्रॅफिक कुठे जातंय ते रेपो उघडल्यावर दिसलं पाहिजे. कुणीतरी घाईत कन्सोलमधून पत्ता चिकटवतो आणि सहा महिन्यांनी 'हा कुणाचा' म्हणून विचारलं की सगळे छताकडे बघतात.

रात्रपाळी
साफ असहमत. पॉडचा (ॲप चालवणाऱ्या, सतत येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचा) आयपी काय शिलालेखावर कोरायची गोष्ट आहे? जीकेईमध्ये (गूगलवरचं कुबरनेटीस, म्हणजे पॉड सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिसवर एक ॲनोटेशन (खुणेची ओळ) लावा, पॉड आला की नेग कंट्रोलर पत्ता जोडतो, गेला की काढतो. तुमचा पीआर (कोडबदलाची विनंती) मंजूर होईपर्यंत तो पॉड देवाघरी गेलेला असतो.
कुबरनेटीसला स्वतःलाच ही यादी एका ऑब्जेक्टमध्ये झेपेना. मोठ्या सर्व्हिसचा एक पॉड बदलला तरी अख्खी यादी प्रत्येक नोडला (पॉड चालवणाऱ्या मशीनला) पाठवावी लागायची. म्हणून एंडपॉइंटस्लाइस आले, एका स्लाइसमध्ये मुळात १०० पत्ते. १.२१ पासून ते स्टेबल आहेत. आणि तुम्ही ती यादी गिटमध्ये ठेवणार?

दगडी_चावी
पॉडबद्दल मी बोलतच नव्हतो. आमच्या डेटा सेंटरमधल्या जुन्या मशीन हायब्रिड नेगमध्ये (गूगल क्लाउडबाहेरच्या पत्त्यांचा ग्रुप) आहेत. त्यांचे पत्ते वर्षानुवर्षं तेच. कुठल्या कंट्रोलरला त्यांचा पत्ता माहीतच नाही.

रात्रपाळी
वर 'सगळे' लिहिलंय, तेवढं दुरुस्त करा मग.

तिसरा_खांब
फिक्स पत्तेही हाताने लिहिताना हात भाजतात, माझे भाजलेत. सहा पत्त्यांची लिस्ट, वर काउंट (टेराफॉर्मची क्रमांकाने प्रती काढायची सोय). पहिलं मशीन निवृत्त झालं म्हणून वरची एक ओळ उडवली. प्लॅन (काय बदलणार याची यादी) आला: ५ जोडणार, ६ काढणार. मी एकच ओळ काढली होती! पण काउंट पत्ता ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. पहिला गेला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि टेराफॉर्मच्या लेखी प्रत्येक पत्ता 'बदलला'.
पुढची गंमत अजून वाईट. पाचव्या जागेवर नव्याने जोडायचा पत्ता आणि सहाव्या जागेवरून काढायचा पत्ता एकच. आधी जोडलं, मग काढलं, की जिवंत मशीन ग्रुपबाहेर. अप्लाय (बदल लागू करणं) हिरवा आणि युजरला ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'.

दगडी_चावी
हा दोष काउंटचा, पद्धतीचा नाही. फॉर-ईच (क्रमांकाऐवजी नावाने प्रती) लावा, मशीनचं नाव 'की', म्हणजे ओळख, म्हणून द्या. एक ओळ उडवली तर प्लॅनमध्येही एकच ओळ उडते.

तिसरा_खांब
तेच केलं, पण ५०३ खाल्ल्यावर. अजून एक: एकेक पत्ता सांभाळणारा रिसोर्स आणि पूर्ण यादी सांभाळणारा अनेकवचनी रिसोर्स एकाच नेगवर लावू नका. दोघं एकमेकांचे पत्ते पुसत बसतात. कंट्रोलरच्या नेगवर अनेकवचनी रिसोर्स लावला तरी तोच तमाशा.

गाळणी
तुम्ही सगळे यादीवर भांडताय. यादी बरोबर असूनही ट्रॅफिक जात नाही, त्याचं काय? नवा झोनल नेग, पत्ते अचूक, तरी सगळे अनहेल्दी. पाऊण वेळा फायरवॉल निघतो. हेल्थ चेक (मशीन जिवंत आहे का ते बघणाऱ्या विनंत्या) ३५.१९१.०.०/१६ आणि १३०.२११.०.०/२२ मधून येतात, ते उघडायचं कुणालाच आठवत नाही. नेग आणि हा नियम एकाच मॉड्यूलमध्ये ठेवा, बाकी वाद नंतर घाला.

रात्रपाळी
गाळणीताईंना +१.
पत्त्यांपेक्षा मला त्रास होतो तो वजनांचा. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) ग्लोबल ॲक्सिलरेटरमध्ये एंडपॉइंट ग्रुपला ट्रॅफिक डायल असतो, त्या रीजनला किती टक्के ट्रॅफिक द्यायचं ते, ० ते १००. रात्री एक रीजन आजारी पडला, मी कन्सोलमधून डायल ० केला. सकाळी कुणीतरी भलत्याच कामासाठी अप्लाय मारला. कोडमध्ये १०० लिहिलेलं. आजारी रीजनवर पुन्हा पूर्ण ट्रॅफिक. प्लॅनमध्ये ती ओळ होती हो, चाळीस ओळींच्या खाली.

दगडी_चावी
म्हणजे डायल बदलल्याबरोबर पीआर टाकायला हवा होता.

रात्रपाळी
रात्री तीनला, एकट्याने, रिव्ह्यूअर झोपलेला असताना? त्या एका फील्डवर इग्नोर-चेंजेस (टेराफॉर्मने तो फरक सोडून द्यावा ही सूचना) लावा, मोकळे व्हा.

दगडी_चावी
मग कोड १०० म्हणणार आणि खरं काय ते कन्सोललाच माहीत. नको ते. 'सगळे' हा शब्द मागे घेतला: पॉडचे पत्ते कंट्रोलरकडे, फिक्स पत्ते फॉर-ईचने कोडमध्ये. डायल मात्र कोडमध्येच राहील.

रात्रपाळी
ठीक. ऑन-कॉलच्या यादीत रिव्ह्यूअर म्हणून तुमचा नंबर घालतो.