अनुभव धागा: सुख बाजूला ठेवून काय निवडलंत?

पाऊलवाट:
मुलांनी पुढे काय व्हावं असं कुणी विचारलं की आपण 'सुखी व्हावं, बास' म्हणून मोकळे होतो. खरंच बास? रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये एक यंत्र कल्पिलं होतं. मेंदूला तारा जोडायच्या आणि हवा तो अनुभव घ्यायचा: थोर कादंबरी लिहिल्याचा, जिवाभावाचा मित्र मिळाल्याचा. आत असताना आपण टाकीत तरंगतोय हे आठवतही नाही. जन्मभरासाठी जाल का? बहुतेकांना नको वाटेल, म्हणजे सुखाच्या अनुभवापलीकडेही आपल्याला काही हवं असतं, असं त्याचं म्हणणं.

तर लिहा. सुखाचा रस्ता समोर दिसत होता, तरी तुम्ही किंवा घरातल्या कुणी जाणूनबुजून दुसरा धरला, असं काही. एकच अट: 'त्यातून समाधान मिळालं, म्हणजे तेही सुखच' ही पळवाट नको. जोसेफ बटलर या इंग्रज धर्मगुरूने अठराव्या शतकातच ती बुजवली आहे. एखादी गोष्ट आधी हवी असते, म्हणून ती मिळाल्यावर बरं वाटतं. भूकच नसेल तर जेवणाचं सुख कुठून येणार?

भीमाकाठ:
आमचं जुनं घर उजनीच्या पाण्यात गेलं. पाऊस कमी झालेल्या साली उन्हाळ्यात धरण पार खाली जातं आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. लोक फोटो काढायला येतात. आमचे दादा मात्र वेगळ्याच कामाला जातात. गाळात उभं राहून बोटाने दाखवतात, इथं चावडी, इथं चिंच, इथं तुझ्या आजीची चूल. घरी आले की दोन दिवस धड जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. आई आमच्यावरच डाफरते, कशाला नेता त्यांना रडवायला.

एका साली आम्ही भावांनी ठरवून सांगितलं, यंदा देऊळ उघडं पडलंच नाही. त्यांना पेपरातल्या फोटोवरून कळलं. एवढे चिडले की काय सांगू. "त्रास मला होतो ना? मग मलाच ठरवू द्या," म्हणाले.

गंमत म्हणजे आमचा ऊस त्याच पाण्यावर आहे, घर त्याच पैशाचं आहे. हे बोललं की दादा म्हणतात, "पैसा वाईट आहे असं मी कुठं म्हणलो?" आणि पुढच्या उन्हाळ्यात परत विचारतात, पाणी कुठवर आलं रे.

रात्रपाळी:
कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. दारातच नातेवाईक गाठतात, "सिस्टर, पेशंटला सांगू नका हं, अल्सर आहे म्हणा." प्रेमापोटीच असतं ते, माणूस शेवटचे महिने आनंदात राहावा म्हणून. एक आजोबा होते. सगळे बाहेर गेले की मला म्हणायचे, "बाई, मला खुळा समजू नका. किती दिवस उरलेत एवढं डॉक्टरांना बोलायला सांगा, पोरांच्यात वाटणी करायची आहे." शेवटी डॉक्टरांनी मुलाला समजावलं आणि आजोबांना सगळं सांगितलं. ते काही शांत वगैरे झाले नाहीत. खूप रडले, सुनेवर खेकसले, मग वकिलाला बोलावून घेतलं. वाटणीवरून पोरांची भांडणंही त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. तरी 'कशाला सांगितलंत' असं एकदाही म्हणाले नाहीत.

पण दुसरी बाजूही लिहिते. दुखणं किती आहे ते आम्ही शून्य ते दहामध्ये विचारतो. आठ-नऊ सांगणाऱ्या माणसाला सत्य, स्वाभिमान, काही काही नको असतं. मॉर्फिन हवं असतं, आणि ते वेळेवर मिळायला हवं. तो आकडा तीनवर आला की मग घर, हिशोब, रुसलेली बहीण आठवायला लागते. आणि "मला काही सांगू नका, मुलाशी बोला" म्हणणारेही असतात. त्यांना मी घाबरट म्हणणार नाही.

बोरिवली स्लो:
मी यंत्रात जाणार. सकाळी ८.१२ ला दारात लटकून दाखवा, मग नोझिकवर बोलू.

आडवा छेद:
बोरिवलीकरांना अनुमोदन. २०१० मध्ये फेलिपे दे ब्रिगार्ड या तत्त्वज्ञाने हाच प्रश्न उलटा करून विचारला होता. समजा तुम्ही आत्ताच यंत्रात आहात, बाहेर यायचंय का? बाहेरचं आयुष्य कसं आहे हे ज्यांना सांगितलंच नव्हतं, त्यातले जवळपास निम्मे आतच राहतो म्हणाले. म्हणजे लोकांना सत्याची ओढ असेलच असं नाही, चाललंय ते सोडवत नाही एवढंच. आणि भीमाकाठ, दादांना न जाण्याचा त्रास जाण्याच्या त्रासापेक्षा मोठा वाटतो, म्हणून ते जातात. हिशोब सुखदुःखाचाच झाला की.

दोन पोरांची आई:
अमेरिकेत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा हिशोब प्रसंगाप्रसंगाने मांडायला सांगितला होता, २००४ मध्ये छापून आलंय. कुठल्या वेळी किती बरं वाटलं? मुलांना सांभाळणं यादीत चांगलंच खाली, जवळजवळ घरकामाच्या पंगतीला. वाचून मला हसू आलं आणि हायसंही वाटलं, चला, मी एकटी नाही. संध्याकाळी सात ते नऊ आमच्या घरात कुणीही सुखी नसतं. तरी पोरं नसती तर बरं होतं असं वाटत नाही.

आणि 'सुखी व्हावं, बास' हे मीही म्हणते, पण मनापासून नाही. थोरला उद्या कुणाला फसवून मजेत राहिला, त्याला काडीचाही पस्तावा झाला नाही, तर? मला तसा सुखी मुलगा नकोय. थोडा दुःखी चालेल.

पाऊलवाट:
आडवा छेद, मग असं विचारते. दादांना जुनं गाव कायमचं विसरायची गोळी दिली, मागे कसलीही चुटपुट न ठेवणारी, तर ते घेतील? तुमच्या हिशोबाने घ्यायलाच हवी.

भीमाकाठ:
ताई, जेवताना विचारलं. म्हणाले, "मला कशाला? तुझ्या आईला दे, तिला गुडघे विसरायचेत."

आडवा छेद:
हे माझ्या खात्यात धरा. काकूंचे गुडघे हाच माझा मुद्दा आहे.