मदत हवी आहे: बागेच्या ट्रॅक्टरला घरी लोडर बनवलाय, पहिल्याच उचलीत खांबाच्या बुडाशी तडा

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने सुट्टीच्या दिवशी माझ्या बागेच्या ट्रॅक्टरला पुढचा लोडर, म्हणजे बकेटनं माती उचलणारे दोन आर्म, बनवतोय. शेणखत, माती, पालापाचोळा सगळं घमेल्यानं वाहून वडिलांची कंबर गेली आणि माझीही त्याच वाटेवर आहे, म्हणून हा खटाटोप. परवा पहिल्यांदा बकेट भरून उचलली. खाली उतरवून पाहतो तर डाव्या खांबाच्या बुडाशी, वेल्डच्या कडेला, केसाएवढी रेघ. आधी वाटलं रंग तडकला असेल. रंग खरवडून काढला, रॉकेल लावून स्वच्छ पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. पाचेक मिनिटांत पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटली, बोटभर लांब. म्हणजे तडाच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण बकेट वर असताना वडील शेजारीच उभे होते.

मापं देतो. ट्रॅक्टर १८ एचपी. मी बसलेला असताना वजन ५०० किलो. चाकं वजनकाट्यावर चढवून पाहिलं, पुढच्या ॲक्सलवर १९० आणि मागच्यावर ३१०. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर १.२ मीटर. आर्म ८० × ४० चौकोनी पाइपचे, जाडी ५ मिमी, पिनपासून पिनपर्यंत दीड मीटर. उचलायचे सिलिंडर दोन, बोअर (आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (रॉडची धाव) ४०० मिमी. गिअर पंप फेरीला ५ सीसी तेल देणारा, इंजिन २४०० फेऱ्यांवर, म्हणजे मिनिटाला १२ लिटर तेल. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरल्यापेक्षा वाढला की तेल परत सोडणारा) १४० बारवर. आर्म ज्यांना पिननं जोडलेत ते खांब इंजिनच्या दोन बाजूंना, पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे. बुडाला प्लेट आणि ती ३ मिमी जाडीच्या चेसिसला (ट्रॅक्टरच्या मूळ सांगाड्याला) चार-चार बोल्टनी कसलेली.

तडा घासून पुन्हा वेल्ड मारला आणि मोठा गसेट (कोपऱ्यात आधाराची तिकोनी पट्टी) लावला तर भागेल का? दुसरं म्हणजे, बकेट ढिगाऱ्यात घुसतच नाही, मागची चाकं जागीच फिरतात. उचलही हळू आहे. ६० बोअरचे सिलिंडर टाकावेत का?

प्रतिसाद:

पुन्हा वेल्ड मारू नका, हात जोडून सांगतो. तडा वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या कडेला आहे. म्हणजे वेल्ड धरून राहिला आणि त्याच्या शेजारचं लोखंड वाकून वाकून फाटलं. गसेट मोठा केला की तडा गसेटच्या टोकाला जाईल, एवढाच फरक.

बकेटमध्ये दीडशे किलो माती आणि बकेटचं स्वतःचं चाळीस धरा. आर्म आडवे झाले की हे १९० किलो तुमच्या खांबापासून जवळजवळ १.६५ मीटर पुढे लटकतं. तो सगळा पीळ खांबाच्या बुडाशी येतो आणि तिथे आहे काय, तर ३ मिमी पत्रा. बागेच्या ट्रॅक्टरची चेसिस इंजिन धरायला आणि मागून काहीतरी ओढायला केलेली असते. लोडरला स्वतःची सबफ्रेम, म्हणजे भार पेलणारा वेगळा सांगाडा, लागते. दोन्ही बाजूंनी जाड चॅनेल पुढच्या टोकापासून थेट मागच्या ॲक्सलपर्यंत न्या, खांब त्या चॅनेलवर उभे करा आणि खांबाच्या मध्यापासून पुढच्या टोकाला तिरका आधार द्या. खांब, तिरका आधार आणि चॅनेल असा त्रिकोण झाला की बुडाशी वाक येत नाही, नुसती ओढ आणि दाब राहतो.

दोन आर्मना जोडणारा आडवा पाइप आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर बकेटचा एक कोपरा दगडाला टेकला की सगळा भार एकाच आर्मवर जातो आणि त्याच बाजूचा खांब पिळवटतो. डावीकडेच तडा गेलाय, त्यावरून मला हीच शंका येते.

दुसरा प्रतिसाद:

सिलिंडरबद्दल मी सांगतो. ६० बोअर घेतलेत तर उचल आणखी हळू होईल. आत्ता दोन्ही सिलिंडर भरायला जवळपास १.५७ लिटर तेल लागतं, म्हणजे आठेक सेकंद. तुमची अडचण ताकदीची नाहीच. ५० बोअर १४० बारला एकेक सिलिंडर २.८ टन ढकलतो. आर्म आडवा असताना सिलिंडरची ओढ पिनपासून २५ सेंटिमीटरवर धरली तर बकेटच्या पिनपाशी नऊशे किलोच्या वर उचल होते. आणि तुमचा ट्रॅक्टर? बकेटचा भार तेव्हा पुढच्या ॲक्सलच्या १.१५ मीटर पुढे असतो. बकेट धरून सव्वातीनशे किलो झाले की मागची चाकं हवेत.

म्हणून उलटं करा. ४० बोअरचे सिलिंडर, रिलीफ १०० बार. उचल सुमारे सव्वाचारशे किलो, तेल एक लिटर, वेळ पाच सेकंद. आणि मागे १५० किलो वजन टांगा, मागच्या ॲक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे. मग ट्रॅक्टर साडेपाचशेच्या पुढे गेल्याशिवाय उलटत नाही, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी व्हॉल्व्ह सुटतो. मागची चाकं फिरतात तीही याच वजनानं थांबतील. तुमच्याकडे ढकलायची ताकद आहे, पकड नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो. तडा बघताना, पिन काढताना, होज सोडताना आर्म खाली टेकलेले असू द्या, नाहीतर सिलिंडरच्या रॉडवर लोखंडी टेकू लावा. होज गळतोय का ते हातानं चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि त्यापायी लोकांची बोटं गेली आहेत.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. आडवा पाइप नव्हता. आर्म खाली टेकवूनच काम करतोय, वडिलांना आता ट्रॅक्टर चालू असताना जवळ येऊ देत नाही.

सबफ्रेम मागच्या ॲक्सलपर्यंत न्यायला गेलो तर गिअरबॉक्स आणि ॲक्सलचं एकच आवरण आहे, ॲल्युमिनियमचं. त्यात भोकं पाडायची हिंमत होत नाही. काय करावं?

प्रतिसाद:

अजिबात पाडू नका. हे आवरण जिथे चेसिसला बोल्टनी धरलंय, तिथलेच बोल्ट लांब घ्या आणि चेसिसच्या बाहेरून १० मिमी प्लेट बसवा. चॅनेल त्या प्लेटला जोडा. मागची हूकची पट्टीही त्याच प्लेटला बांधली तर मागचं वजन, चॅनेल आणि खांब एका साखळीत येतात. ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक (चाकं तेलाच्या दाबानं फिरवणारा) असेल तर लोडरसाठी तेल त्या गिअरबॉक्समधून घेऊ नका, आत्ता जसा वेगळा पंप आणि वेगळी टाकी आहे तसंच राहू द्या.

धागाकर्ता:

तीन आठवड्यांनी लिहितोय. प्लेट बसवली, चॅनेल आणि तिरके आधार नुसते टाके मारून उभे केले. जुना खांब कापला तेव्हा तडा आतून दुप्पट लांब निघाला, वरून दिसत होतं त्याच्या. ट्रॉलीच्या जुन्या चाकाच्या रिममध्ये काँक्रीट भरून १४५ किलोचं वजन केलं आणि मागे टांगलं. बकेटमध्ये दीडशे किलो ठेवून, जमिनीपासून वीतभर उचलून चाकं काट्यावर घेतली. मागे ४१०, पुढे पाचशेच्या थोडं वर. पुढच्या टायरांना हवा वाढवावी लागली, कडा दबत होत्या.

आता पक्कं वेल्डिंग करायचंय. आडवा पाइप वेल्ड करताना आर्म आत ओढले जाऊन पिना अडकतील अशी भीती वाटते. काही युक्ती?

प्रतिसाद:

चारही पिना जागेवर घालून, बकेट लावून, आर्म सपाट जमिनीवर टेकवूनच वेल्ड करा. दोन आर्मच्या मधोमध, बकेटच्या बाजूला, एक घट्ट बसणारी कांब तात्पुरती टाक्यांनी धरा. दोन-दोन इंचाचे वेल्ड मारा, एक डावीकडे, मग उजवीकडे, मग खालून. मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. प्रत्येक फेरीनंतर पिन हातानं फिरवून बघा. जी जड झाली त्या बाजूला थांबा आणि पुढचा वेल्ड समोरच्या अंगाला मारा.