प्रतिसाद: नोकरी लगेच सोडू नकोस

बीएस्सी केमिस्ट्रीनंतर साडेनऊ हजारांवर एमआयडीसीतल्या लॅबमध्ये दिवसभर तेच टायट्रेशन, आणि एमएस्सी मात्र लांबतच चाललीय, हे तुझं वाचून जीव कळवळला. मीही असंच दीड वर्ष काढलंय. शिफ्ट करून घरी यायचं तेव्हा अंगात त्राण नसायचं. वर प्रत्येक लग्नात, 'सध्या काय करतेस?'

नोकरी सोडून जामचा (आयआयटी वगैरेतल्या एमएस्सीसाठीच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करू का, असं विचारलंयस. आत्ताच सोडू नकोस. परीक्षा फेब्रुवारीत असते. घरून आधार असेल तर डिसेंबरनंतर सोड. त्या वर्षीचा स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरातला फॉर्म चुकवू नकोस. पेपर तीन तासांचा, 60 प्रश्न, 100 गुण. त्यातले 30 गुण आकड्यात उत्तर लिहायच्या प्रश्नांचे, आणि तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. मी फिजिकल केमिस्ट्रीची ही गणितं कंपनीच्या बसमध्ये, मांडीवर वही ठेवून सोडवायचे. रात्री डोळे मिटायचे, म्हणून पहाटे पाच ते साडेसहा ऑरगॅनिक. एवढंच जमायचं, पण ते रोज व्हायचं.

आणखी एक, जे मला फार उशिरा सुचलं. सिनियरना विचारून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, बसायला माग. मला आधी दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा शनिवारी बसू दिलं. त्या दिवसापासून सकाळी कामावर जाताना पोटात गोळा येणं कमी झालं.

तुझा कोणता विषय कच्चा आहे ते लिही. माझ्या वह्या अजून जपून ठेवल्यात, फोटो काढून पाठवते.