अपडेट बंद करून ठेवू नका हो

वर एकांनी लिहिलंय की अपडेटने पीसी स्लो होतो म्हणून बंदच केलंय, अँटीव्हायरस आहे तेवढं पुरे. नाही पुरत हो. २०१७ चं वॉनाक्राय आठवा, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो व्हायरस; विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या ज्या भोकातून ते घुसलं त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता आणि हल्ला झाला १२ मेला, म्हणजे जवळजवळ दोन महिने हातात होते. कुणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती, नेटवर्कमधलं एक मशीन लागलं की शेजारचं आपोआप. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. एवढं होऊनही जूनमध्ये नॉटपेट्या नावाचं तसलंच दुसरं आलं तेव्हा तेच भोक कित्येक ठिकाणी उघडंच, अर्थात ते पासवर्ड चोरूनही पसरायचं, पण आपल्या न्हावाशेवाला मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं होतं ते या नॉटपेट्यामुळेच.

माझ्या मामांच्या दुकानात बिलिंगच्या पीसीवर रोज सकाळी अपडेटची खिडकी यायची आणि मामा 'नंतर'वर टिचकी मारून गिऱ्हाईकाकडे वळायचे, मी दिवाळीत बसून बघितलं तर आठ महिन्यांचं साचलेलं. आता ठरवून टाकलंय, मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र होते, म्हणून बुधवारी शटर ओढायच्या आधी हार्डडिस्कवर बॅकअप घ्यायचा, ती डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि मगच रीस्टार्ट.

आणि विंडोज १० वाल्यांनो, १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, निदान वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी तरी नाव नोंदवा.