डीप फ्रीजरमध्ये साचणारा बर्फ, आणि रात्रभर वीज गेल्यावर आतल्या अन्नाचे काय करावे?

गोदाकाठची_सून

सर्वांना नमस्कार. आमचे एकत्र कुटुंब नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. वरून झाकण उघडणारा, २०० लिटरचा डीप फ्रीजर आम्ही गेल्या हिवाळ्यात घेतला. मटार स्वस्त असताना सोलून ठेवणे, मे महिन्यात आमरस साठवणे, सणासुदीसाठी खवलेला नारळ आणि पुरण आधी करून ठेवणे आणि एकदा आणलेली मासळी दोन-तीन वेळा पुरवणे, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि तो बऱ्यापैकी साधलाही आहे. स्वयंपाकघरात जागा नसल्यामुळे तो पश्चिमेकडच्या बंद गॅलरीत ठेवला आहे.

आता आतल्या भिंतींवर बोटभर जाडीचा बर्फ साचला आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की उलथण्याने तो खरवडून काढावा. यजमानांचे म्हणणे असे की कढत पाणी ओतावे. दोन्हींपैकी काहीही करण्यापूर्वी जाणकारांना विचारावे असे मला वाटले. दुसरी अडचण अधिक काळजीची आहे. गेल्या आठवड्यातल्या वादळी पावसात संध्याकाळी गेलेली वीज सकाळी आली. रात्रभर आम्ही झाकण उघडले नाही, फ्रीजर जवळजवळ भरलेला होता, तरीही सकाळी वरच्या थरातील मटार आणि मासळी यांची पाकिटे मऊ लागली आणि खालची दगडासारखी घट्ट होती. सध्या सगळे तसेच पुन्हा गोठले आहे. यातले काय ठेवावे आणि काय टाकावे? घरी दिव्या-पंख्यांसाठी इन्व्हर्टर आहे. त्यावर फ्रीजर जोडता येईल का?

सातपूरचा_कारागीर

ताई, फ्रीज आणि डीप फ्रीजर दुरुस्त करणे हेच माझे काम असल्याने यंत्रापुरते सांगतो; अन्नाविषयी त्या विषयातल्या माणसांनी सांगावे.

आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बर्फ नसून मऊ पडलेली पाकिटे ही आहे. नीट चालणारा, भरलेला फ्रीजर झाकण न उघडता साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला साधारण २४ तास आतला माल गोठलेला ठेवतो. एका रात्रीत वरचा थर मऊ पडला, याचा अर्थ वीज जाण्याआधीच तो थर उणे १८ अंशांवर नव्हता. दोष त्या रात्रीचा नाही, तो आधीपासून आहे, आणि बोटभर बर्फ ही त्याचीच दुसरी खूण आहे. बाहेरची दमट हवा कुठून तरी आत शिरते, तिच्यातले बाष्प भिंतींवर गोठते, आणि हा बर्फाचा थर पुढे भिंतीतला थंडावा मालापर्यंत पोहोचू देत नाही.

म्हणून आधी झाकणाचे रबर तपासा. कागदाची पट्टी रबर आणि कडा यांच्यामध्ये ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढून पाहा. ती थोडी अडखळत निघाली पाहिजे. सहज सरकली तर तिथे फट आहे. ही तपासणी चारही बाजूंनी, विशेषतः बिजागऱ्यांच्या बाजूला आणि कोपऱ्यांत करावी. पुष्कळदा रबर खराब झालेले नसते, त्याच्या घडीत आमरसाचे ओघळ आणि धूळ चिकटून बसलेली असते. कोमट साबणपाण्याने पुसून कोरडे केले की ते पुन्हा नीट बसते. रबर वाकले असेल तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्यावर ठेवून हाताने आकार देता येतो. चिरले असेल तर मात्र बदलावेच लागते.

दुसरा संशय गॅलरीवर आहे. प्रत्येक यंत्राच्या मागच्या पट्टीवर ते किती तापमानाच्या खोलीत चालावे यासाठी बनवले आहे याचा वर्ग छापलेला असतो: ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ अंशांपर्यंत आणि ‘टी’ म्हणजे ४३ अंशांपर्यंत. नाशिकची हवा थंड, असे आपण अभिमानाने सांगत असलो तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो, आणि पश्चिमेच्या बंद गॅलरीत दुपारनंतर त्याहून अधिक उकाडा असतो. तिथे ‘एन’ किंवा ‘एसटी’ वर्गाचे यंत्र अखंड चालूनही हवे ते तापमान गाठणार नाही. जागा बदलणे शक्य नसेल तर निदान ऊन थेट पडणार नाही असा जाड पडदा लावा आणि सर्व बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा. अशा फ्रीजरच्या बाहेरच्या भिंती हाताला गरम लागतात म्हणून अनेकजण घाबरून फोन करतात. उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बऱ्याच यंत्रांत त्या भिंतींतच असतात, तेव्हा तो दोष नव्हे. त्यावर शोभेचे प्लास्टिकचे आवरण घालणे मात्र त्या यंत्राचा श्वास कोंडण्यासारखे आहे.

आता बर्फ. उलथणे, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर यांपैकी काहीही आत घालू नका. थंडावा देणाऱ्या नळ्या आतल्या पातळ पत्र्याला लागूनच असतात. एक टोच बसला की गॅस निघून जातो, आणि त्या नळ्या फोममध्ये बंद असल्याने दुरुस्ती पुष्कळदा परवडतच नाही. हल्लीच्या बहुतेक घरगुती यंत्रांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असतो. तो पेट घेणारा आहे, हवेपेक्षा जड आहे आणि स्वयंपाकाच्या गॅससारखा वास त्याला मुद्दाम दिलेला नसतो. कधी ‘फुस्स’ असा आवाज आलाच तर खिडक्या उघडाव्यात, जवळचे कोणतेही बटण चालू-बंद करू नये आणि काडी पेटवू नये.

कढत पाणी थेट ओतल्याने आतले अस्तर तडकू शकते, म्हणून तेही नको. बर्फ सुमारे अर्धा सेंटीमीटर झाला की तो काढण्याची वेळ झाली असे समजावे. आपला त्यापुढे गेला आहे. माल वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात एकमेकांना चिकटवून ठेवावा आणि वरून गोधडी टाकावी. मग केवळ बटण बंद न करता पिन काढावी, झाकण उघडे ठेवावे, तळाला जाड टॉवेल घालून त्यावर गरम पाण्याची पातेली ठेवावीत आणि बाहेरून पंखा लावावा. सुटलेले तुकडे हाताने किंवा लाकडी उलथण्याने उचलावेत. खाली पाणी जाण्याचे बूच असते ते उघडावे. हेअर ड्रायर आत धरण्याचा मोह अनेकांना होतो. साचलेल्या पाण्याजवळ विजेचे उपकरण नेऊ नये. शेवटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे, आणि माल भरण्यापूर्वी यंत्र रिकामे चालवून थंड करून घ्यावे.

इन्व्हर्टरविषयी माझे मत स्पष्ट आहे: जोडू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, लहान इन्व्हर्टर त्या झटक्याला बंद पडतो, आणि तो चौरस लहरीचा, म्हणजे घरच्या विजेसारखा गुळगुळीत चढ-उताराचा प्रवाह न देणारा असेल, तर मोटर विनाकारण तापते. रबर आणि जागा सुधारल्यावर रात्रभराच्या वीजबंदीला इन्व्हर्टरची गरजही उरणार नाही. वीज गेल्यावर पिन काढून ठेवावी आणि परत आल्यानंतर काही मिनिटे थांबून लावावी, किंवा असा उशीर आपोआप करणारा स्टॅबिलायझर घ्यावा. पिन तीन टोकांची, अर्थिंग तपासलेली आणि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये असावी. एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रीजर चालवू नये.

अन्नतंत्र_शिक्षिका

वरचे निदान मला पटते. त्यात अन्नाच्या बाजूने भर घालते.

गोठवल्याने जंतू मरतात हा समज अगदी सुशिक्षित घरांतही आढळतो. उणे १८ अंशांवर त्यांची वाढ थांबते, इतकेच. अन्न वितळले की ते जिथे थांबले होते तिथूनच पुढे वाढू लागतात. त्यामुळे पाकीट पुन्हा घट्ट झाले म्हणजे ते पूर्ववत झाले, असे मुळीच नाही. सकाळी हात लावला त्या वेळी आतमध्ये बर्फाचे कण शिल्लक होते किंवा अन्नाचे तापमान ४ अंशांच्या आत होते, तर ते परत गोठवायला हरकत नाही. चव आणि पोत थोडे बिघडतील, धोका नाही. मासळी, मटण, पुरण, खवलेला नारळ आणि शिजवलेले कोणतेही पदार्थ ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले असतील, तर ते टाकून द्यावेत. मटारला थोडी अधिक सवलत आहे, सहा तासांपर्यंत. आमरस आंबट असल्याने त्यात हे जंतू सहसा वाढत नाहीत. त्याला बुरशी किंवा आंबल्याचा वास नसेल तर तो ठेवता येतो. तुमच्या बाबतीत तापमानाची नोंद नाही, म्हणून वरच्या थरातली मऊ पडलेली मासळी मी टाकली असती. मटार चाचपताना आत कण लागले होते की नाही, हे तुम्हालाच आठवेल. खालच्या घट्ट मालाची चिंता करू नका.

पुढच्या वेळी असा अंदाज बांधण्याची पाळी येऊ नये म्हणून फ्रीजरचा तापमापक घ्या. तो महाग नसतो, आणि थर्मोस्टॅटच्या चकतीवरील आकडे तापमान दाखवत नाहीत, केवळ कमी-अधिक थंडावा दाखवतात. तो वरच्या थरात ठेवावा, कारण झाकणाच्या फ्रीजरमध्ये सर्वांत उबदार जागा तीच. घर बंद करून गावी जाणार असाल तर वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजावे.

साठवण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द. अन्न जितके सावकाश गोठते तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात, ते पेशी फोडतात, आणि वितळल्यावर पदार्थ पाणचट लागतो. म्हणून मोठा गोळा न ठेवता एका वेळेला लागेल एवढी चपटी पाकिटे करावीत. यंत्र एका दिवसात किती किलो माल गोठवू शकते हे माहितीपत्रकात दिलेले असते. मटाराची गोणी सोलून एकदम आत टाकली, तर जुना मालही उबदार होतो. मटार आधी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात तितकाच वेळ ठेवावा, मग कोरडा करून भरावा. असे केले नाही तर त्यातली विकरे (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि काही महिन्यांत रंग व चव दोन्ही जातात. आमरसाच्या डब्यात वर दोन बोटे जागा सोडावी, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगते. काचेची बाटली तर त्यासाठी वापरूच नये. पुरण पसरट ताटात लवकर निववून भरावे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात एकच तास.

बांगड्यासारखी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवावी; पाकिटावर तारीख लिहिल्याशिवाय हे जमत नाही. नाशिकपर्यंत येणारी मासळी कधीकधी वाटेतच गोठवलेली असते, ते विक्रेत्याला विचारून घ्यावे. वितळवण्यासाठी ती आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, ओट्यावर नव्हे. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत, थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत वितळवावी आणि लगेच शिजवावी.

मखमलाबादची_वाट

इतके सारे तापमापक आणि तास मोजत बसण्यापेक्षा आमच्या घरी वास घेतात आणि थोडे चाखून पाहतात. मासळी बिघडली तर नाकाला कळतेच. शिवाय चार माणसांच्या घराला डीप फ्रीजर हवाच कशाला, हा प्रश्न मला नेहमी पडतो. गाजर, मेथी, पालक आपल्याकडे ताजे मिळतात, त्यांच्यासाठी तरी विजेचे बिल वाढवू नये.

अन्नतंत्र_शिक्षिका

ताज्या भाजीविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. मेथी-पालक गोठवण्यात मलाही अर्थ दिसत नाही. नाकाच्या बाबतीत मात्र नाही. दुर्गंधी निर्माण करणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे पुष्कळदा वेगळे असतात. साल्मोनेलाने दूषित झालेल्या मांसाला कोणताही वास नसू शकतो. त्यात चाखून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे, सेवनच आहे. काही जंतूंची विषे तर नंतर उकळल्यानेही नष्ट होत नाहीत, त्यामुळे ‘नीट शिजवून घेऊ’ हा उपायही संशयास्पद अन्नाला लागू पडत नाही.

गोदाकाठची_सून

दोघांचेही मनापासून आभार. कागदाची पट्टी बिजागरीच्या बाजूने अगदी सहज निघाली, आणि यंत्रामागच्या पट्टीवर ‘एसटी’ असे लिहिलेले आढळले. मासळी टाकली, मटारात कण लागल्याचे जावेला आठवते, म्हणून तो ठेवला आहे. एक विचारायचे राहिले. गणपतीनंतर आमचा फ्रीजर बराचसा रिकामा असतो. मटार येईपर्यंत तो बंद ठेवावा का? घरात लहान मुले आहेत, म्हणूनही विचारते. तसेच सासऱ्यांच्या इन्सुलिनचा जादा साठा त्यात ठेवावा का?

सातपूरचा_कारागीर

बिजागरीच्या बाजूने पट्टी सुटते तेव्हा रबराइतकाच बिजागरीचा स्क्रू ढिला असण्याचा संभव असतो; तो आधी आवळून पाहा, मगच रबराचा खर्च करा. ‘एसटी’ असल्यामुळे उन्हाळ्यापुरता तरी फ्रीजर गॅलरीतून आत घ्यावा.

दोन-तीन महिने वापर नसेल तर बंद ठेवणे योग्यच, कारण रिकामा चालवण्यात वीज जाते. थोडाच माल असेल तर मात्र मोकळ्या जागेत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, मानेपर्यंत न भरता, गोठवून ठेवा. वीज गेल्यावर तोच थंडावा उपयोगी पडतो. बंद करताना आतून पूर्ण कोरडा करून झाकण किलकिले ठेवावे, नाहीतर बुरशी धरते. मुले असतील तर झाकण आपोआप मिटणार नाही असा लाकडी ठोकळा कडेला घट्ट बांधावा आणि गॅलरीचे दार कुलूपबंद ठेवावे. लपाछपी खेळताना अशा पेटीत मूल अडकले तर आतून झाकण उघडणे कठीण असते आणि हवा लवकर संपते.

अन्नतंत्र_शिक्षिका

इन्सुलिन डीप फ्रीजरमध्ये किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नेहमीसारखे वाटले तरी वापरता येत नाही. न उघडलेला साठा साध्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, मागच्या थंड भिंतीला न टेकवता ठेवावा.